‘अ’ कुणी खाल्ला?

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत बरीच वर्षं असा समज होता की मी लष्करातल्या कुणा निवृत्त अधिकाऱ्याकडे कामाला आहे. चूक माझीच. नव्याने राहायला आलो तेव्हा तळमजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंनी विचारलं, "घरी बसून काय करता हो दिवसभर?" आणि मी घाईत सांगून टाकलं, "कर्नलचं काम करते." काकूंनी आदराने मान हलवली. पुढे सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी "तुमच्या साहेबांना आणाल का?" असं विचारायला कमिटीचे तिघं घरी आले, तेव्हा कुठे मला घोटाळा कळला.

हा कर्नल संगणकातला. तुम्ही कळ दाबता आणि पडद्यावर अक्षर उमटतं, या दोन गोष्टींच्या मध्ये जो प्रोग्रॅम उभा असतो, तो कर्नल. कीबोर्ड, पडदा, आवाज, प्रिंटर, इंटरनेट या सगळ्यांना कामाला लावायचं आणि त्यांची आपसात भांडणं होऊ द्यायची नाहीत, हे त्याचं काम. मी ज्या कर्नलसाठी राबते तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्याची ओळ न् ओळ सगळ्यांना उघडी आहे. जगभरातले हजारो लोक त्यात बदल सुचवतात आणि दर दोन-सव्वादोन महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. नाव सांगत नाही. जाणकारांना कळलंच असेल, आणि बाकीच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही.

या मंडळींचा एक नियम आहे, आणि त्या नियमावर माझं अख्खं काम उभं आहे. काल जे चालत होतं ते आज बंद पडता कामा नये. नवीन हवं तितकं करा, पण वापरणाऱ्याचं चालू काम मोडलं तर चूक तुमची, त्याची नाही. अशा मोडण्याला रिग्रेशन म्हणतात. साधा बिघाड वेगळा. हा सुधारणा करताना झालेला बिघाड.

मी त्यांची नोंद ठेवते. मला कुणी कोड लिहायला सांगत नाही, आणि ते बरंच आहे. कुणाचं काय मोडलं, कुठल्या आवृत्तीपर्यंत ठीक होतं, कुठल्या बदलाने मोडलं, तो बदल कुणाचा, त्याला कळवलं का, त्याने उत्तर दिलं का, दिलं नसेल तर परत कळवलं का. थोडक्यात, जगातल्या अतिशय हुशार माणसांच्या मागे सभ्यपणे लकडा लावायचा. हा गुण वडिलांकडून आला असावा. कल्याणला आमच्या चाळीजवळच्या बुद्धविहारात छोटं वाचनालय होतं, ते वडील सांभाळायचे. पुस्तक नेऊन परत न करणाऱ्याच्या घरी ते रविवारी सकाळी जायचे, चहा घ्यायचे आणि पुस्तकाबद्दल अवाक्षर न काढता तासभर बसायचे. शेवटी तो माणूसच उठून पुस्तक आणून हातात द्यायचा. मला हेच ईमेलवर जमवावं लागतं, तेही चहाशिवाय.

या कामाआधी मी ठाण्यातल्या एका कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर तपासायचे. कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली. हौसेने धरलेलं हे काम पुढे एका परदेशी संस्थेच्या मानधनावर पूर्णवेळ झालं. नोकरीची हकिकत एवढीच. सांगण्यासारखी आहेत ती गिऱ्हाइकं.

न्यूझीलंडमधल्या एका बाईंची मेंढ्या तोलायची यंत्रं नव्या आवृत्तीने बंद पडली. त्यांच्या तक्रारीत शेवटची ओळ होती, "घाई करा, मेंढ्या रांगेत उभ्या आहेत." ज्याच्या बदलामुळे वजनकाटा बंद पडला होता त्याने सगळी कामं टाकून त्याच दिवशी दुरुस्ती पाठवली. इतकी तत्परता मी त्याच्याकडून ना त्याआधी पाहिली ना नंतर. एक गृहस्थ प्रत्येक ईमेलच्या सुरुवातीला आम्हा सगळ्यांना शिव्या घालायचे आणि मग अतिशय मुद्देसूद, निर्दोष माहिती द्यायचे. मी शिव्यांचा परिच्छेद सोडून वाचायला शिकले. तक्रार अचूक असली की माणसाला बरंच माफ असतं.

ही सगळी माणसं लांबची. कुणाचा चेहरा माहीत नाही, आवाज माहीत नाही. त्यामुळे एका सकाळी आलेल्या ईमेलखाली "कोलशेत, ठाणे" असं वाचलं तेव्हा मी चष्मा पुसून परत वाचलं. पत्र इंग्रजीत होतं. नाव अविनाश भोईर. लिहिलं होतं, "नव्या आवृत्तीपासून माझ्या संगणकाचा आवाज सुरू होताना पहिला तुकडा गिळला जातो. मी पूर्ण अंध आहे आणि संगणक ऐकून वापरतो. यामुळे माझ्या हातून एक गंभीर चूक झाली आहे."

मी उत्तरात नेहमीचे प्रश्न विचारले आणि खाली मराठीत एक ओळ टाकली, "मी ठाकुर्लीला राहते. फोन केला तर चालेल का?"

पाच मिनिटांत त्याचाच फोन. "मॅडम, तुम्ही खरंच ठाकुर्लीच्या? मला वाटलं, जर्मनीबिर्मनीतून कोणीतरी उत्तर देईल."

"मलाही तक्रारी जर्मनीतूनच येतात. तुम्ही कोलशेतहून कशी काय केलीत?"

तो मोठ्याने हसला, आणि मग त्याने सगळं सांगितलं.

अविनाश चौतीस वर्षांचा. खोपटला एका लहानशा ट्रस्टच्या ऑफिसात नोकरी. गरीब घरच्या मुलींना नर्सिंग शिकायला हा ट्रस्ट मदत करतो. अर्ज केलेल्या मुलींचे किंवा त्यांच्या आईवडिलांचे फोन येतात आणि अविनाश संगणकावर नाव शोधून निकाल सांगतो. त्याच्या संगणकात स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचं लिखाण बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. हे सगळं त्याने स्वतः बसवलं होतं, मराठी आवाजासकट. आधी ऑफिसात त्याला फक्त फोन जोडून द्यायचं काम होतं. हा संगणक आला आणि तो माहिती देणारा माणूस झाला. दर काही दिवसांनी प्रणाली अद्ययावत करणं हा त्याच्या अभिमानाचा भाग होता. तशीच एकदा त्याने ती केली.

"आणि दुसऱ्या दिवसापासून संगणक मला विनाश म्हणायला लागला," तो म्हणाला.

"काय?"

"लॉगिन करताना तो माझं नाव बोलतो ना. अविनाशचा 'अ' गेला. रोज सकाळी साहेबांच्या केबिनबाहेर मोठ्याने 'विनाश'! आईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत बसली. दोन दिवस आम्ही हसलो. मला वाटलं, स्पीकरची वायर सैल असेल."

वायर सैल नव्हती. तिसऱ्या दिवशी डोंबिवलीहून एका मुलीचा फोन आला, सायली तिचं नाव. अविनाशने नाव शोधलं, बाणाची कळ दाबून निकालाच्या रकान्यावर गेला. संगणक म्हणाला, "पात्र." अविनाशने तिला सांगितलं, "अभिनंदन, तुम्ही पात्र आहात." त्या दिवशी आणखी दोघींना त्याने तसंच सांगितलं. तिघींच्याही पुढे लिहिलेलं होतं, अपात्र.

सायली कपड्यांच्या दुकानात कामाला होती. फोन ठेवल्यावर तिने दुकानात राजीनामा दिला आणि सोमवारी सकाळी आईला घेऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन ऑफिसात आली. अविनाशच्या टेबलापुढे उभं राहून तिने पेढा त्याच्या हातात ठेवला. शेजारच्या लिपिक बाईंनी यादी पाहिली आणि सगळं उलगडलं.

"ती ओरडली असती तर बरं झालं असतं मॅडम," अविनाश म्हणाला. "पुड्याला परत दोरा बांधल्याचा आवाज आला. तिची आई म्हणाली, 'चल गं.' मी पेढा तसाच हातात धरून बसलेलो."

साहेबांनी त्याच दिवशी त्याच्या टेबलावरचा संगणक उचलला. फुकटची प्रणाली, फुकटचा आवाज, असंच होणार, असं त्यांचं म्हणणं. परत फोन जोडून देण्याचं काम. अविनाशचं दुःख वेगळंच होतं. सगळ्यांनी धरून चाललं होतं की आंधळ्या माणसाची ऐकण्यात चूक झाली. "माझ्या कानांवर कोणी कधी शंका घेतली नव्हती," तो म्हणाला. "डोळ्यांचं ठीक आहे. पण कानांवर?"

मी दुसऱ्या दिवशी कोलशेतला गेले. खरं तर नियमात बसत नाही. मी तक्रारदारांच्या घरी जात नाही, आणि बाकीचे तक्रारदार पाहता ते शक्यही नाही. अकराव्या मजल्यावर प्रशस्त फ्लॅट. ज्या शेतावर इमारत उभी राहिली ते भोईरांचंच. अविनाशची आई, सत्तरीच्या घरातली, ठसठशीत कुंकू लावलेली, मला दारातच म्हणाली, "तुमीच का त्या संगणकाच्या डाक्तरीन? या, बसा. पयले जेवाचा, मंग त्याला तपासा."

घरच्या जुन्या संगणकातही आवाजाची तीच चिप होती, हे आमचं नशीब. आता नेमका कुठला बदल 'अ' खातोय ते शोधायचं होतं. चांगल्या चालणाऱ्या आवृत्तीपासून बिघडलेल्या आवृत्तीपर्यंत दहा-बारा हजार बदल झालेले असतात. ते एकेक तपासायचे म्हटले तर जन्म जाईल. पण सोसायटीच्या पाइपात पाणी अडलं की शहाणा प्लंबर काय करतो? वरच्या टाकीपासून एकेक मजला उतरत नाही. थेट मधल्या मजल्यावरचा नळ उघडतो. तिथे पाणी असेल तर अडथळा खाली, नसेल तर वर. मग उरलेल्या अर्ध्याचा मधला मजला. आम्ही बदलांच्या रांगेत तेच करतो. मधल्या बदलापर्यंतचा कर्नल बनवायचा, चालवायचा, ऐकायचं. दर वेळी निम्मी रांग बाद होते. बारा हजारांतून एक हुडकायला तेरा-चौदा फेऱ्या पुरतात. पण प्रत्येक फेरीला त्या जुन्या यंत्रावर तास-दीड तास लागायचा. चार दिवसांचं काम.

मी रोज सकाळी जायचे, दुपारी परतायचे. उरलेल्या फेऱ्या अविनाश एकटा करायचा. मी आज्ञा सांगायच्या आधीच त्याची बोटं त्या टाइप करून मोकळी झालेली असायची. मला पडदा बघून जितका वेळ लागतो त्यापेक्षा तो ऐकून भराभर पुढे जात होता, आणि संगणक इतक्या वेगाने बोलत होता की मला एक शब्द कळत नव्हता. चाचणीसाठी आम्ही चार शब्द ठरवले: अपात्र, अविनाश, अनिता, अडचण. निकाल द्यायची जबाबदारी आईंनी आपण होऊन घेतली. त्या स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि ओरडून सांगायच्या.

"आला रं 'अ'! चांगला हाय यो!"

किंवा, "खाल्लान! परत खाल्लान मेल्यान!"

मी खूण करायचे, चांगला किंवा वाईट, आणि पुढची फेरी सुरू.

चौथ्या दिवशी दुपारी दोषी सापडला. मी नाव वाचलं आणि माझा चेहरा पडला. तो बदल होता कुठल्याशा टॅबलेटच्या कीबोर्डवरच्या दिव्यांचा. आवाजाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. म्हणजे मधल्या एखाद्या फेरीत आम्ही चांगल्याला वाईट किंवा वाईटाला चांगलं म्हटलं होतं, आणि तिथून पुढचं सगळं चुकीच्या वाटेने गेलं होतं.

मी हे सांगितलं तेव्हा आई दाराशी आल्या. "माझा कान चुकला का वो?"

"नाही आई," अविनाश म्हणाला. तो विचारात पडलेला. त्याने एक कळ दाबली. "अपात्र." लगेच परत दाबली. "अपात्र." मग हात मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला. मी काही बोलणार तर त्याने बोट वर करून मला थांबवलं. थोड्या वेळाने कळ दाबली. "पात्र."

"शांतता हवी," तो म्हणाला. "आवाज थांबला की ही चिप झोपी जाते. आपण घाईघाईत दाबलं तर ती जागीच असते, 'अ' पूर्ण येतो. झोपली असताना दाबलं तर उठेपर्यंत 'अ' निघून गेलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत आपण गडबड केली बघा. मधे माझा फोन वाजलेला, आणि मग आपण पटापट चारही शब्द उरकले."

इतकी वर्षं मी हे काम करते, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे चार दिवस फुकट."

आई म्हणाल्या, "मंग काय झाला? आमचं सासरे मिठागरावर व्हते. ऐन मीठ बसाच्या येली पानी शिरलं, त सगला परत बांधाचं. रडत बसलं त मीठ येल का? मी भाकऱ्या टाकते, तुमी परत सुरू करा."

परत सुरू केलं. या खेपेला प्रत्येक शब्दाआधी आम्ही तिघं दहापर्यंत मनात मोजायचो. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. आणि या वेळी जो बदल सापडला तो पाहून मी खुर्चीतून उठलेच. वीज वाचवण्यासाठी केलेला बदल. आवाज थांबल्यावर एका सेकंदात चिप झोपवायची, म्हणजे लॅपटॉपची बॅटरी जास्त पुरते. चांगल्या हेतूने केलेला, नीट लिहिलेला, हॉलंडमधल्या एका तरुणाचा.

कारण कळलं तसा उपायही कळला. एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली की ही झोप बंद होते. अविनाशने ती लिहिली, संगणक बंद करून चालू केला. "अविनाश," संगणक म्हणाला. आईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"झालं की तुमचं काम," मी म्हटलं.

"माझं झालं," अविनाश म्हणाला. "पण ज्याला ही ओळ माहीत नाही, त्याचं? त्याला तर आपल्याला चुकीचं ऐकू येतंय हेसुद्धा कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं."

घरी येऊन मी माझ्या नोंदवहीत तीच चिप शोधली, आणि एक जुनी नोंद वर आली. अडीच महिन्यांपूर्वीची. पोर्तुगालच्या एका गृहस्थांनी कळवलं होतं की नव्या आवृत्तीपासून गाण्यांची सुरुवात कापली जाते. मी त्यांना दोन प्रश्न विचारले होते. उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी मी शेरा मारला होता, "तक्रारदाराचा प्रतिसाद नाही," आणि नोंद बंद केली होती. शेरा माझा, सही माझी.

तेव्हा मी पाठपुरावा केला असता तर हा बदल अविनाशच्या संगणकापर्यंत पोचलाच नसता. सायलीने दुकान सोडलं नसतं. इतरांना "परत कळवलं का" म्हणून विचारणारी मी, आणि मीच परत विचारलं नव्हतं. गाण्याचा अर्धा सेकंद, त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. हे मला नेमकं आठवतंय.

अविनाशला सांगणं भाग होतं. फोनवर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, मी दोन दिवस विनाश ऐकून हसत होतो. तेव्हाच यादी कोणाला तरी वाचायला सांगायला हवी होती. आपण दोघं एका बाकावरचे." आणि मग, "ती नोंद आता उघडा परत."

हॉलंडच्या तरुणाचं पहिलं उत्तर थंड होतं. लाखो लॅपटॉपची वीज वाचते. आवाजाचा अर्धा सेकंद गेला तर गेला. ज्यांना नको त्यांच्यासाठी सेटिंग आहेच. मी नियमाची आठवण करून दिली. तो म्हणाला, याला मोडणं म्हणत नाहीत. चार दिवस आमची अशी सभ्य ओढाताण चालली. चहा पाजायची सोय असती तर मी एव्हाना हॉलंडला गेले असते.

शेवटी अविनाशने स्वतः कर्नलवाल्यांच्या सामायिक ईमेल-यादीवर पत्र टाकलं. तिथे जगभरातली मंडळी वाचत असतात. त्याने मला आधी दाखवलंही नाही. लिहिलं होतं, "माझ्या भाषेत 'नाही' बरेचदा शब्दाच्या पहिल्या अक्षरात असतं. तुमचा बदल ते अक्षर काढून टाकतो. माझ्या ऑफिसने ज्या तीन मुलींना नाही म्हटलं होतं, त्यांना माझ्या संगणकाने हो म्हटलं, आणि मी ते त्यांना कळवलं. सोबत आवाजाची फाइल जोडली आहे. पहिल्या शब्दाआधी दहा सेकंद शांतता आहे, ती कृपया पुढे ढकलू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. दोन ओळींचं. "मी फक्त गाण्यांवर तपासलं होतं. चूक माझी आहे. दुरुस्ती सोबत पाठवत आहे, कृपया तपासून सांगा." अविनाशने तपासली. आईंनीही तपासली, अर्थात. दुरुस्ती नव्या आवृत्तीत गेली, जुन्यांतही गेली, आणि त्या बदलाखाली कायमची ओळ आली की हा बिघाड अविनाश भोईर यांनी कळवला आणि दुरुस्तीही त्यांनीच तपासली. मी आईंना म्हटलं की खरं तर तुमचंही नाव हवं होतं. त्या म्हणाल्या, "माझा नाव घालून काय कराचंय? त्या पोराला बोलवा यकदा जेवाला, हालंडच्या."

त्यानंतरच्या आठवड्यात मी दुसरं काही केलं नाही. 'प्रतिसाद नाही' म्हणून बंद केलेल्या माझ्या सगळ्या नोंदी उघडल्या आणि एकेकाला परत लिहिलं. बहुतेकांनी याही वेळी उत्तर दिलं नाही. पोर्तुगालच्या गृहस्थांनी दिलं. त्यांनी लिहिलं होतं की तक्रार केल्यावर त्यांच्या पत्नीला वाटलं, दोष यंत्राचा नसून वयाचा आहे. म्हणून ते आमच्या प्रश्नांना उत्तर द्यायच्या ऐवजी कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. तरी त्यांनी गाणी ऐकणं कमीच केलं होतं. "आता बायकोला तुमचं पत्र दाखवलं," असं शेवटी होतं.

ऑफिसचं मात्र अजून व्हायचं होतं. अविनाशच्या साहेबांनी निरोप धाडला की कंपनीकडून लेखी आणा, मग संगणक परत देऊ. मी खोपटला गेले. एस.टी. डेपोच्या पलीकडे, जिन्याने वर, दोन खोल्यांचं ऑफिस. साहेब वयस्कर, सज्जन, मनाने चांगले, आणि पोळलेले.

"कंपनीचं पत्र आणलंत?"

"कंपनीच नाही साहेब. कुणाच्या मालकीचं नाही ते."

"मग उद्या परत असं झालं तर जबाबदार कोण?"

या प्रश्नाला आमच्या क्षेत्रात फार मोठमोठी उत्तरं आहेत. ती सगळी मी गिळली. "मला फोन करा," मी म्हटलं. "मी ठाकुर्लीला राहते. यायला तासभर पुरतो." मग मी त्यांना त्या बदलाखालची ओळ दाखवली. त्यांनी चष्मा वर करून अविनाशचं नाव दोनदा वाचलं. "भोईर, हे तुम्ही?" असं विचारलं. ते त्याला एरवी 'अरे अविनाश' म्हणायचे. त्यांनी शिपायाला हाक मारून कपाटातला संगणक बाहेर काढायला लावला.

सायलीचं काय झालं ते लिपिक बाईंनी सांगितलं. त्या दिवशी ती निघून गेल्यावर अविनाशने बाईंना तिघींच्या फाइली काढायला लावल्या होत्या. सायली अपात्र ठरली होती ती उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा होता म्हणून. अविनाशने स्वतः फोन करून तिची माफी मागितली आणि नवा दाखला कुठे, किती दिवसांत मिळतो ते सांगितलं. तिने आणला, आणि ट्रस्टने घेतला. ती आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दुसरीने फोन ठेवून दिला. तिसरीचं काहीच होऊ शकलं नाही. तिचं वय बसत नव्हतं, तिथे दाखल्याचा काही उपयोग नव्हता. अविनाश दर महिन्याला तिच्यासाठी दुसरीकडची कुठली योजना निघते का ते बघत असतो. अजून सापडलेली नाही.

आम्ही बोलत होतो तोवर अविनाशने वायरी जोडल्या, हाताने चाचपून, कुणाला हात लावू न देता. खुर्ची पुढे ओढली, सोबत आणलेली दुरुस्त आवृत्ती चढवली. हेडफोन चढवला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"नमस्कार, बोला," अविनाश म्हणाला. "हो. मुलीचं नाव सांगा. आडनाव? थांबा हं एक मिनिट."

त्याने नाव टाइप केलं. बाणाची कळ दाबली. ऐकलं. मग हात मांडीवर ठेवून तो शांत बसला. दहा सेकंद असतील. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवून थांबा म्हटलं. अविनाशने परत कळ दाबली, परत ऐकलं.

"काका," तो फोनवर म्हणाला, "मुलगी अपात्र आहे. हो, अपात्र. नाही झालेलं तिचं. पण ऐका, ठेवू नका. कारण लिहिलंय, शाळा सोडल्याचा दाखला जोडलेला नाही. तो आहे ना घरी? मग शुक्रवारपर्यंत मुदत आहे. मूळ दाखला घेऊन या, झेरॉक्स चालत नाही. डेपोच्या समोरचा जिना. भोईर म्हणून विचारा. हो हो, मी आहे, दोनपर्यंत मी इथेच आहे."